दान्पेईचं दुसरं मरण

२ डिसेंबर

दान्पेई मेला, असं आज टोफूवाल्या इसोगाईबाईंना सांगितलं. पोट धरधरून हसल्या! "अगं बाई, परत? या वेळी उठणार कधी?" म्हटलं, उठणार नाही, परवा जाळला. तर म्हणे, "तुम्ही दोघं म्हणजे ना!" — आणि टोफूचा एक तुकडा जास्त घातला. विनोदाबद्दल.

दोष त्याचाच. तीन वर्षांपूर्वी याने जिवंतपणीच स्वतःचा अंत्यविधी करून घेतला. हौस! ओसाकातलं आमच्या विनोदी जोडीचं नेहमीचं थिएटर, स्टेजवर शवपेटी, पेटीत हा पांढऱ्या किमोनोत, मंत्र म्हणायला मठातले गुरुजी. लोक रडून रडून भाषणं करतायत आणि हा मध्येच उठून बसतो — "अहो, ती गोष्ट कोबेची नाही, क्योतोची!" वर त्या वर्षी टीव्हीवाल्यांनी वर्षअखेरच्या कार्यक्रमात, यंदा आपल्यातून गेलेल्या थोरामोठ्यांच्या यादीच्या शेवटी, याचाही फोटो लावला. हा स्वतः तिथे जाऊन त्या फोटोला हात जोडतो आणि विचारतो, "कोण हो हे गृहस्थ? चेहरा बावळट आहे." सगळं ओसाका गडाबडा लोळलं. आता लांडगा खरंच आला, तर कोण ऐकतंय!

३ डिसेंबर

गेला तोही न्हाव्याच्या खुर्चीत. तोंडावर गरम टॉवेल. न्हावी म्हणतो, "काका, पुरे झालं, उठा, गिऱ्हाइकं खोळंबलीत." थोड्या वेळाने परत तेच. शेवटी चिडून टॉवेल ओढला. बिचाऱ्याने अजून दुकान उघडलेलं नाही.

अंत्यविधीला आम्ही मूठभर. बाकीचे कशाला येतील? एकदा येऊन गेलेत! गुरुजी अडचणीत — मेल्यावर माणसाला नवं नाव द्यायचं, ते मागच्याच वेळी देऊन झालेलं. कानाशी येऊन विचारतात, "ओरिएताई, तेच चालवू या का?" म्हटलं, चालवा, फारसं वापरलेलं नाही.

भट्टीचं दार लागेपर्यंत मागे एक म्हातारा फिदीफिदी हसत होता. दार लागल्यावरही तिथेच उभा राहिला, वाट बघत.

५ डिसेंबर

टीव्ही केंद्रात फोन केला. कुवाबारा नावाचे कुणी साहेब आहेत, यंदाचा गेलेल्यांचा कार्यक्रम त्यांच्याकडे. एक माजी मंत्री आहेत, एक सुमो पैलवान आहे, जन्मभर आईचीच कामं केलेली एक नटी आहे. आणि दान्पेई? "ताई, त्यांना आम्ही एकदा दाखवलंय ना." म्हणजे माणसाने एकदाच मरायचं, आणि याने ते उधळून टाकलं!

मला तरी एवढं का लागावं? लग्न मोडून जमाना झाला. लग्न मोडलं, जोडी नाही मोडली — स्टेजवर तो खुळ्यासारखं बोलणार, मी कागदी पंखा त्याच्या टाळक्यात हाणणार, लोक हसणार. घरं शेजारी शेजारी. दर एकतीस डिसेंबरला माझ्याकडे येऊन बसायचा, पाय ऊबदार टेबलाखाली, पुढ्यात संत्र्यांच्या सालींचा ढीग, आणि हाच कार्यक्रम बघायचा. "बघ, बघ, याला केवढा वेळ दिला! वर संगीत!" जळायचा नुसता. मेलेल्यांवर जळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ती टीव्हीवरची गंमत झाली तेव्हा परतताना गाडीत म्हणाला, "मजा आली गं. पण खऱ्यांच्या पंगतीत बसायचं राहिलंच." हसून म्हणाला, पण मी त्याला ओळखते. म्हणून लागलंय. त्याला खऱ्यांच्या पंगतीत बसवायचंय.

८ डिसेंबर

कुवाबारा फोन घेत नाही.

९ डिसेंबर

आजही नाही. ठीक आहे, बेट्या.

११ डिसेंबर

दान्पेईला घेऊनच गेले! अस्थिकलश पांढऱ्या फडक्यात बांधला, मेट्रोत मांडीवर घेतला. केंद्राच्या दारात पहारेकरी विचारतो, "एकट्याच का?" म्हटलं, दोघं. मुकाट्याने दोघांची नावं लिहून घेतली त्याने.

कुवाबाराच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "आता यांनाच सांगा, तुम्हाला एकदा दाखवलंय म्हणून." तर हसला! "ताई, तुम्ही पण ना! काय आहे आत — लोणचं?" आणि उचलून हलवून बघितलं.

खडखडलं.

इतका पांढराफटक पडलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. सगळं ऑफिस उठून उभं! कुणीतरी चहा आणला, घाबरून दोन कप आणले. दोन्ही मीच प्यायले. कुवाबारा कमरेत वाकून वाकून म्हणतोय, "घेतो, ताई, नक्की घेतो, फक्त हे... हे आता घरी न्या."

बाहेर आले आणि पुलावर रडू आलं. चांगलं भोकाड. लोक वळून बघत होते. कलशाला म्हटलं, झालं तुझं काम, गाढवा.

१५ डिसेंबर

गंभीर चेहऱ्याचा फोटो हवाय म्हणे. मिसुझुला बसवलं शोधायला — आमची एकुलती एक शिष्या, तीही आता पन्नाशीची. ढीगभर फोटो, गंभीर एकही नाही. पासपोर्टवरसुद्धा डोळे तिरळे! शेवटी नेहमीचाच दिला, माझा पंखा डोक्यावर बसतानाचा. मला कापणार आहेत. पंखा राहील.

२० डिसेंबर

निवेदकाला वाचायला मी लिहिलेल्या दोन ओळी हव्यात. "दान्पेई सज्जन होता" — खोटं. "उत्तम नवरा होता" — लोक हसतील. मिसुझु म्हणते, "ताई, 'प्रेमळ' तरी लिहा की." म्हटलं, प्रेमळ होता गं, पण रोज वेगळ्या बाईवर. तिने माझ्याकडे बघितलं आणि भांडी घासायला निघून गेली.

खोडून खोडून कागद फाटला. शेवटी लोकांना कळायला हवं तेवढंच लिहिलं: "विनोदवीर दान्पेई. या वेळी खरंच." निवेदक खर्जातल्या आवाजाचा आहे, मंत्र्यांसाठी ठेवलेला. आता कोण हसतो तेच बघते!

२७ डिसेंबर

काल एक थोर कादंबरीकार गेले. त्यांनाही आत्ताच सुचलं! कुवाबाराचा फोन — "ताई, वेळ पुरत नाहीये, कुणाला तरी कमी करावं लागेल, तुम्ही समजून घ्याल..." म्हटलं, समजून घेते, पण प्रत्यक्ष बोलू या. आम्ही दोघं येऊ का? "नको, नको! दोघं नको!"

दान्पेई राहिला. नटीचं संगीत थोडं कापणार आहेत.

३० डिसेंबर

मिसुझु येऊन घर झाडून गेली. संत्री आणली होती तिने, सवयीने, पेटीभर. कोण खाणार एवढी! तिला अर्धी परत दिली. उद्या घरी एकटीने बघवायचं नाही. कोपऱ्यावरच्या सोबा-नूडल्सच्या दुकानात जाईन, तिथे टीव्ही मोठा आहे, लोक असतात. त्यांच्या तोंडांकडे बघेन. एकदा त्यांचा विश्वास बसला की मी सुटले.

३१ डिसेंबर

मंत्री झाले, पैलवान झाला, नटी झाली, कादंबरीकार झाले. दुकानात सगळे चिडीचूप. मग दान्पेई, डोक्यावर पंखा, आणि तो खर्जातला आवाज — "या वेळी खरंच."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली! एकाच्या नाकातून नूडल्स आल्या. एवढा हशा त्याला जन्मात मिळाला नव्हता, आम्हा दोघांना मिळूनही नाही. मालक डोळे पुसत ओरडला, "ओरिएताई, कुठे लपवलंत काकांना?"

खरं सांगायला तोंड उघडलं. महिनाभर दुसरं केलंय काय मी!

"घरीच आहे," म्हटलं. "पाय गारठलेत म्हणतो."

मालकाने त्याच्यासाठी एक वाडगं बांधून दिलं. मी घेतलं.