मरणाच्या सीनची धून

३ मार्च
सहा वर्षांनी सिनेमा! जकार्ताहून दिग्दर्शक हेंदार्तो आला. आदरानं म्हणे, बू वार्सिनी, बाकीचे नको म्हणत होते, मीच अडून बसलो. आईच्या मरणाच्या सीनला धून हवी. फसली तर मला परत फोन करू नका.
फसतेय कशाला? अख्खं सोलो शहर रडवीन.

५ मार्च
काही सुचलं नाही. पंखा फार आवाज करतो. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

६ मार्च
साडेनऊला उठले.

८ मार्च
अजून कोरडं ठण्ण. ही शेवटची संधी, माहितेय मला. रडले. मग सोयाबीनचं तेम्पे तळलं.

९ मार्च, दुपारी चार
आली! खिडकीशी बसले होते, आपोआप गळ्यात आली. वर चढते, थबकते, धपकन खाली. माझेच डोळे भरले. तेवढ्यात मेला पाववाला भोंगा वाजवत दारात. नारळाचे दोन पाव घेतले.

११ मार्च
मला नोटेशन येत नाही, तिसरीत शाळा सुटली. मी गुणगुणते, कीबोर्डवाला प्रानोतो लिहून घेतो. अकरा सिनेमे असेच झाले. आज म्हणे, बू, ही कुठंतरी ऐकलीय. म्हटलं, अस्सल धून अशीच वाटते, लिही मुकाट्यानं. म्हणे, पण भूक का लागतेय? म्हटलं, जेवून येत जा.

१५ मार्च
हेंदार्तोला पाठवली. रडला! जकार्ताचा असून कान आहे त्याला. इथून पुढं वर्षाला तीनच सिनेमे घेणार. जास्त नाही.

२ एप्रिल
सोलोत पहिला खेळ. थिएटर भरलेलं. आईनं डोळे मिटले. धून सुरू. मागून एक म्हातारी ओरडली, अगं ऊठ, पाव आला! सगळं थिएटर खदाखदा. दोघं-तिघं खिसे चाचपायला लागले. पडद्यावर मेलेली नटी माझ्या शेजारी बसून हसत होती.
हेंदार्तो हसला नाही.

३ एप्रिल
सात फोन केले. उचलत नाही. लोकांना कान नाहीत, दुसरं काय.

४ एप्रिल, दुपारी चार
पाववाल्याची गाडी अडवली. चोरा, भोंग्यावरची ही धून माझी आहे, कधीपासून वाजवतोस? म्हणे, बू, वीस वर्षं झाली. रोज तुम्हीच तर खिडकीतून माझ्या मागं गुणगुणता!
नारळाचा एकच घेतला.