गाडीच्या दारावरचा आकडा

आदरणीय कॉर्लिस वन्सं यांना, धाकट्या भावजयीचा, लव्हॉनचा, मनापासून नमस्कार.

प्रभूच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, तुमच्या बंधूंचा उजवा गुडघा सोडून. त्याची हकीकत तुम्हाला दर रविवारी फोनवर मिळतेच (अर्धा तास), म्हणून इथे शाई घालवत नाही. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आमच्या चर्चमधल्या बायकांनी बुधवारच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं होतं. कोणता डोळा ते मी सांगायला विसरले, म्हणून दोन्ही डोळ्यांसाठी प्रार्थना झाली. दुसऱ्यालाही काही फरक वाटत असेल तर जरूर कळवा, मी बायकांना सांगेन. मिनेसोटात थंडी सरली असेल. इकडे साउथ डकोटात परवापर्यंत खिडकीवर बर्फ होता आणि आज डास आहेत.

तर बाप्तिस्म्याचं. जूनच्या सोळा तारखेला, रविवारी, सिग्ने बाळाच्या कपाळावर पाणी पडणार आणि धर्ममाता म्हणून तिला तुम्ही हातात धरणार, हे ब्रीटाने बाळ पोटात असल्यापासून ठरवलेलं आहे. "आत्या नसेल तर बाप्तिस्मा नाही," असं आमच्या लेकीने तिथल्या पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं. म्हणजे आपण तिघांनी वायोमिंगात जाऊन, बिगहॉर्नचा डोंगर ओलांडून, पलीकडे उतरायचं हे पक्कं. ब्रीटाच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं, तेव्हा आपलं अंथरूण आपण न्यायचं हेही पक्कं. इथवर कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पुढचं सगळं तुमच्या बंधूंचं आहे.

एप्रिलमध्ये ऑर्व्हिल हॅमर वारले (देव त्यांना शांती देवो), त्यांच्या सामानाचा लिलाव होता. हे गेले होते शिडी आणायला. आले ते चोवीस फुटी ट्रेलर घेऊन! पलंग, चूल, फ्रिज, संडास, सगळं चाकांवर. (शिडी आणली नाही. शिडी अजून हवी आहे.) मी अंगणात उभी राहून म्हटलं, "अहो, हे ओढणार कशाने?" तर आपल्या जुन्या पिकअपच्या बोनेटवर घोड्याला थोपटावं तसं थोपटून म्हणाले, "आत्ता ओढून आणलंच ना!" आणलं खरं, पण कसं आणलं ते यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. मी सांगते, कारण मी दुसऱ्या दिवशी ट्रेलर गॅस भरायला नेताना शेजारी बसले होते.

ट्रेलरची दांडी पिकअपच्या पाठीवर टेकली की मागचा भाग बसतो आणि नाक वर जातं. आमचं नाक इतकं वर गेलं होतं की दिवसाउजेडी लावलेले दिवे थेट पाण्याच्या टाकीवर पडत होते. पुढची चाकं रस्त्याला जेमतेम शिवत होती, त्यामुळे स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं आणि यांना त्याचंच कौतुक, "बघ, किती हलकी चालतेय!" मग समोरून गुरांचा ट्रक आला. तो गेला आणि आमच्या मागचं घर कुत्र्याने शेपूट हलवावी तसं हलायला लागलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि त्याच्यामागून आम्ही. मला येत होती तेवढी स्तोत्रं म्हणून झाली, मग नाताळची गाणी सुरू केली. शेवटी सूर्यफुलाच्या शेताच्या कडेला गाडी थांबली तेव्हा हे घाम पुसत म्हणाले, "वारा होता." वन्सं, मी बाहेर पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

आता हा सपाट रस्ता होता. बिगहॉर्नचा उतार तुम्ही पाहिलाय. दहा दहा मैल नुसतं खाली, आणि वळणावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वाळूची वाट काढून ठेवलेली. बाळाचा बाप्तिस्मा असताना आपलं तिघांचं दफन त्याच आठवड्यात नको, एवढीच माझी माफक इच्छा. म्हणून मी यांना म्हटलं, दुसरी गाडी बघायची. यांनी सोसायटीच्या धान्य केंद्रावर कॉफी पिणाऱ्या सगळ्या पुरुषांना विचारलं. सगळे म्हणाले, "ओढेल की!" (हे पुरुष एकमेकांना दुसरं काही सांगतच नाहीत. गेल्या वर्षी यांनी विहिरीची मोटार स्वतः काढायचं ठरवलं, तेव्हाही "निघेल की" म्हणाले होते. निघाली नाही.) ओढेल का, हे प्रत्येकाला ठाऊक, थांबेल का, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही.

उत्तर मला झाडू मारताना सापडलं. पिकअपच्या चालकाचं दार उघडून मी मधली फट पुसत होते, तिथे एक पिवळा-पांढरा कागद चिकटवलेला. यांनी बारा वर्षांत तो वाचलेला नाही, त्यावर मोहरीचा सॉस सांडलेला होता. त्यात लिहिलेलं की गाडीत बसणारी माणसं आणि सामान मिळून वजन १,३४० पौंडांच्या वर जाता कामा नये. मी शाळेपुढे शिकलेली नाही, पण "मिळून" म्हणजे काय ते मला कळतं. ट्रेलरची दांडी गाडीच्या पाठीवर जेवढं ओझं टाकते तेही याच आकड्यात धरायचं, आणि माणसंही याच आकड्यात. म्हणजे गाडीला आपण आणि बटाट्याचं पोतं सारखेच.

मग मी घरच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने पौंडांचा हिशेब सुरू केला. ट्रेलर भरून सोसायटीच्या भुईकाट्यावर नेला. काट्यावर बसणारा मर्ल भला माणूस, पण त्याच्या मशीनमध्ये ट्रेलर नावाचं पीकच नाही, म्हणून पावतीवर छापून आलं, "सोयाबीन, ६,४०० पौंड, ओलावा शून्य." हे म्हणाले, कंपनीच्या पुस्तकात तर पाच हजार लिहिलंय. अहो, पुस्तकातल्या ट्रेलरमध्ये तुमची बिडाची तीन भांडी, लेफ्सेच्या बटाट्याच्या पोळ्या भाजायचा तवा आणि सव्वीस डबे घेवडा नव्हता! (तवा मी परत घरात ठेवला. ब्रीटाकडे लेफ्से जाड झाल्या तर दोष कोणाचा, ते आत्ताच लिहून ठेवते.) मग नुसती दांडी काट्यावर टेकवली. ८२० पौंड. जोडणीचं लोखंड शंभर. तुमचे बंधू २३५ (बूट काढून, बूट घालून मी लिहीत नाही, त्यांचं मन मोडतं). मी १६८. वजाबाकी करा, वन्सं. सतरा पौंड उरतात. सतरा पौंडांत तुमची पर्स बसेल.

म्हणून गेल्या शनिवारी आम्ही गाड्यांच्या दुकानात गेलो. विकणारा मुलगा ट्रेव्हर, दात पांढरेशुभ्र. त्याने यांना सरळ एका लालचुटूक पिकअपपाशी नेलं. कातड्याच्या खुर्च्या, छताला काच, आणि खुर्ची बसल्या बसल्या पाठ रगडून देते! यांचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला. ट्रेव्हर म्हणाला, "काकू, ही अकरा हजार पौंड ओढते. तुमचं घर बांधा मागे, घर घेऊन जाईल!"

मी म्हटलं, "बाळा, घर जागेवरच बरं आहे. दार उघड."

"आत बसायचंय?"

"नाही, वाचायचंय."

दारावर आकडा होता १,२९०. म्हणजे आमच्या बारा वर्षं जुन्या गाडीपेक्षा पन्नास कमी! ट्रेव्हरने तो कागद आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असावा. मी त्याला समजावून सांगितलं की काच, कातडं, पाठ रगडायची मोटार, हे सगळं गाडीने आधीच खांद्यावर घेतलंय, मग माणसांना जागा कुठून उरणार? जितकी गाडी श्रीमंत, तितकी माणसं सडपातळ लागतात. हे माझ्या मागून कुजबुजले, "लव्हॉन, लोक बघतायत." बघू देत. त्यानंतर मी त्या आवारातल्या एकोणीस गाड्यांची दारं उघडली. ट्रेव्हर माझ्यामागून दारं लावत होता.

एकोणिसांत दोन उरल्या. एक करड्या रंगाची, साधी पण मऊ खुर्च्यांची, यांच्या मनात भरलेली, दारावर १,७८०. दुसरी पांढरी, पाणीपुरवठ्यावाल्यांनी काढून टाकलेली, आतून रबराचा वास, मागचा बाक चर्चच्या बाकासारखा ताठ आणि खड्ड्यातून गेली की दात वाजतात. पण दारावर चक्क २,९००. यांना ती बघवत नाही. म्हणतात, "हिच्यात बसलो की लोक मला नळ दुरुस्तीला बोलावतील." दोन्ही गाड्या ट्रेव्हरने येत्या सोमवारपर्यंत धरून ठेवल्यात. (माझ्यावर उपकार म्हणून नव्हे, मी परत येऊन आणखी दारं उघडीन या भीतीने.)

करडीत काय बसतं ते मी मांडून पाहिलं. दांडी, लोखंड, हे, मी. त्यात यांचा हत्यारांचा पेटारा ऐंशी, जनरेटर शंभर, आणि पंचाहत्तर पौंडांचा कुत्रा. कुत्रा घरी ठेवू म्हटलं तर तुमचे बंधू जेवले नाहीत. हे सगळं वजा जाता २०२ उरतात. आकडा बराही नाही, वाईटही नाही, त्याच्याकडे पाहत मी दोन दिवस काढले.

बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. सहज पत्र टाकावं वाटलं, टाकलं. ऱ्हुबार्बची आंबट देठं परसात यंदा भरपूर आलीत, मुरंबा करून बाटल्या भरून ठेवल्यात. देव तुम्हाला आणि आम्हाला घाटाच्या पलीकडे सुखरूप उतरवो.

तुमची,
लव्हॉन टॉलेफसन

ता. क. – एक बारीकसं विचारायचं राहिलं. वन्सं, रागावू नका. तुमचं वजन किती? पर्स, औषधं आणि कोट धरून. दोनशे दोनच्या आत असेल तर करडी घेऊ, वर असेल तर पांढरी. मला शुक्रवारपर्यंत कळलं म्हणजे झालं. यांना मी विचारलं होतं. म्हणाले, "ताई? असेल एकशे पस्तीस." तुम्ही शाळेत शर्यतीत पळायच्या तेव्हाचा हा आकडा आहे, आणि हे मनापासून बोलत होते, तुमच्यावर इतका जीव आहे त्यांचा. पण घाट काही तुमचा भाऊ नव्हे.

दुसरी ता. क. – हे पत्र यांना माहीत नाही. मी म्हटलं होतं, फोनवरच विचारा ना. तर लालबुंद होऊन म्हणाले, "मी ट्रेलर खांद्यावर घेऊन डोंगर चढेन, पण ताईला वजन विचारणार नाही!" म्हणून उत्तर पाकिटातून पाठवा आणि वर 'फक्त लव्हॉनसाठी' लिहा. किंवा नुसता रंग लिहा, करडा की पांढरा. मला पुरे.

तिसरी ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून उघडलं. वर मी माझं १६८ लिहिलंय. ते नाताळच्या आधीचं आहे. आता खरं किती, ते मी त्यानंतर पाहिलेलंच नाही, आणि तुम्हाला विचारायला निघाले. तेव्हा असं करू. काही लिहू नका. शनिवारच्या सकाळच्या बसने या, दुपारी सोसायटी बंद झाल्यावर आपण दोघी भुईकाट्यावर एकदमच उभ्या राहू. मर्लला मी सांगून ठेवलंय, तो रस्त्याकडचा आकड्यांचा दिवा बंद ठेवेल. बेरीज तेवढी वहीत लिहू, तीनशे सत्तरच्या आत भरली तर करडी. कोणाचे किती, याची वाटणी करायची नाही. मशीन वीस-वीसच्या टप्प्याने मोजतं, त्यामुळे थोडी दया त्यातही आहे. आणि बेरीज जास्त भरून पांढरी घ्यावी लागली, तर त्या ताठ बाकावर मी तुमच्या शेजारी बसेन. पुढे यांच्याजवळ कुत्रा बसेल.