गावकुसाबाहेरचा क्रूस

मी, शोभना शांतवन थोरात, वय त्र्याहत्तर, निवृत्त रेस्पिरेटरी थेरपिस्ट, राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, माझ्यामागे काय व्हावं ते आज स्वखुशीने लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही. मधुमेह आहे, डाव्या डोळ्याला कमी दिसतं, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कायद्याची इंग्रजी प्रत वकीलबाईंकडे आहे. त्या म्हणाल्या, "शोभना, कीप इट शॉर्ट." ती तशी आखूडच आहे. तिच्यात जे मावलं नाही ते इथे लिहिते.

१. सन २०१४ मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात धाकटा भाऊ विक्रम याचं नाव मुद्दाम गाळून "कारण त्याला ठाऊक आहे" असं लिहिलं होतं. ते वाक्यही रद्द.

२. राहतं घर विक्रमची मुलगी आन्या हिला द्यावं. मी लग्न केलं नाही. मूल म्हणून जे काही माझ्या वाट्याला आलं ती आन्याच. घर विकायचं असेल तर तिने खुशाल विकावं, माझ्या आठवणीखातर अडकून पडू नये. विकेपर्यंत फर्नेसचा फिल्टर दर तीन महिन्यांनी बदलावा. बँकेत आणि निवृत्तीच्या खात्यात जे शिल्लक राहील तेही तिचंच.

३. कपाटातलं टाचेचं हाड आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या संडे स्कूलला द्यावं. घाबरू नये, ते प्लास्टरचं आहे. जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात क्रुसावर मारलेल्या माणसाची टाच सापडली, खिळा आरपार तसाच. तिचे फोटो पाहून मी हे करवून घेतलं. ते पाहून रुही नावाच्या एका सहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं, "आंटी, वॉज ही ए बॅड मॅन?" मी म्हटलं, "माहीत नाही बाळ. रोमन लोकांनी तसं ठरवलं होतं." मुलांना एवढं तरी कळावं, की येशू हा क्रुसावर मेलेला एकटा माणूस नव्हता. हजारो होते. बहुतेकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

४. आजोबांची घुंगरकाठी आन्याला. ही काठी कसली, ते तिला ठाऊक आहे, पण पुढच्यांसाठी लिहिते. आमचे आजोबा देवदान थोरात हे राहुरीजवळच्या एका गावात महारकी करत. ही घुंगरं बांधलेली काठी वाजवत गावाचे निरोप पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची, रात्री वेशीवर जागायचं, आणि राहायचं मात्र वेशीबाहेर. एकदा एक उपदेशक महारवाड्यात आला. रोमन लोक गुलामांना आणि बंडखोरांना कसं मारत ते त्याने सांगितलं. शहराबाहेर, रस्त्याच्या कडेला, उघडं करून, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. रोमच्या नागरिकाला सहसा ही शिक्षा होत नसे. ती खालच्यांसाठी राखलेली. आजोबांनी विचारलं, "म्हणजे तो गावकुसाबाहेर मेला?" उपदेशक हो म्हणाला. आजोबा म्हणाले, "मग तो आमच्यातला." पुढल्या महिन्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. क्रुसाचा अर्थ सांगणारे पुष्कळ ग्रंथ मी नंतर वाचले, पण या तीन शब्दांपलीकडे फार गेले असं मला वाटत नाही.

५. आता विक्रमबद्दल.

सन २०१३ च्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमची मंडळी नेहमीप्रमाणे एका चर्चच्या हॉलमध्ये जमली होती. त्या दिवशी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तहानेचा उद्गार माझ्याकडे होता. त्याच सुमारास आन्याचं लग्न निमिष नावाच्या मुलाशी ठरलं होतं. त्याचे आईवडील फ्रीमाँटहून आले होते. आमची उपासना कशी असते ते बघायला विक्रमने त्यांना आणलं आणि तिसऱ्या बाकावर बसवलं. ती माणसं हिंदू, धर्माबद्दल त्यांची हरकत नव्हती. पण विक्रमने त्यांना सांगितलं होतं की आमच्या आजोबांकडे गावची पाटीलकी होती. आडनाव तसं खपून जातं. हे मला आदल्या दिवशी कळलं होतं.

मी उभी राहिले. पस्तीस वर्षं मी लोकांचा श्वास सांभाळला, म्हणून तिथूनच सुरुवात केली. हात ताणून टांगलेल्या माणसाला श्वास सोडणं जड जातं, खिळलेल्या पायांवर जोर देऊन अंग वर उचलावं लागतं, असं पुष्कळ डॉक्टरांचं मत आहे. काहींचं वेगळं आहे. तोंड कोरडं पडतं. मरायला कधी काही तास, कधी दिवस लागत. या शिक्षेची इतकी लाज होती की जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांनीही क्रूस उघडपणे क्वचितच रंगवला. आता आपण तो सोन्यात घडवतो. मीही घालते. पण देवाने मरायला राजवाडा निवडला नाही, गुलामाची जागा निवडली, हे सोन्यामुळे झाकू नये. एवढं बोलून थांबले असते तर भाषण चांगलं झालं असतं.

मी थांबले नाही. मी आजोबांची गोष्ट सांगितली. महारवाडा म्हटलं, मेलेली गुरं म्हटलं, घुंगरकाठी म्हटलं. विक्रम सुरुवातीलाच उठून गेला.

दोन आठवड्यांनी निमिषच्या घरच्यांनी लग्न पुढे ढकललं, मग मोडलं. कारण सांगितलं नाही. विक्रम माझ्या दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "तुला क्रूस पाहिजे होता ना, ताई? माझ्या पोरीला चढवलंस त्याच्यावर." मी म्हटलं, "मी खरं बोलले." त्यानंतर आम्ही जवळजवळ अकरा वर्षं एकमेकांशी बोललो नाही.

आन्या महिनाभर कोणाचाच फोन घेत नव्हती. मग एका शनिवारी आली. म्हणाली, "आत्या, आय नीडेड टु नो. पण मला बाबांनी सांगायला हवं होतं, नाहीतर तू. नॉट इन फ्रंट ऑफ एव्हरीवन." मग माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. आज ती मिनिॲपोलिसला ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची वकिली करते. लग्न तिने केलेलं नाही. हे माझ्यामुळे का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "नॉट एव्हरीथिंग इज अबाउट यू, आत्या."

या फेब्रुवारीत दुपारी दोन वाजता विक्रमचा फोन आला. वहिनी जाऊन चार वर्षं झाली, तो एकटाच राहतो. म्हणाला, "ताई, दम लागतोय." मी त्याला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली आणि बर्फातून गाडी काढली. माझं घर जवळ, मी आधी पोचले. त्याला खुर्चीत पुढे वाकवून बसवलं, ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायला लावला. बोलू नकोस म्हटलं. त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "त्या दिवशी ते तिसऱ्या बाकावर आहेत, हे मला दिसत होतं. म्हणूनच बोलले."

तो म्हणाला, "मला माहीत होतं तुला दिसत होतं."

"गोष्ट खरी होती."

"खरी होती. आधी मला एकट्याला सांगायची होतीस."

त्याचं बरोबर आहे. रोमन लोक जे करत तेच मी त्या दिवशी केलं. एका माणसाला सगळ्यांनी बघावं म्हणून उघडं केलं, आणि तेही क्रुसाबद्दल बोलता बोलता. याची क्षमा मी देवाकडे मागितली आहे, आन्याकडे मागितली आहे, विक्रमकडे इथे मागते. त्याने खोटं सांगितलं त्याचा राग मात्र अजून थोडा आहे. तो मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, म्हणून माझ्याबरोबर नेते.

६. विक्रमला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. साक्षीदाराने लाभ घेऊ नये, असं वकीलबाई म्हणतात. मी त्याला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं. तो म्हणाला, "मला काय करायचाय तुझा टोस्टर? सही करतो."

७. मला पुरावं. पेटी साध्या लाकडाची असावी. चर्चच्या पाळकांनी माझे गुण सांगू नयेत. ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ठाऊक आहेत. भाषण कोणाला करायचंच असेल तर पाच मिनिटांत आटपावं आणि बाकांवर कोण बसलं आहे ते आधी नीट पाहून घ्यावं.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि खालील दोघांसमक्ष त्यावर सही केली.

ठिकाण: ईडन प्रेरी, मिनेसोटा
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२४

(सही) शोभना शांतवन थोरात

साक्षीदार पहिली: नीना उजगरे, शेजारीण. शोभनाताईंनी माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार दुसरा: विक्रम शांतवन थोरात, भाऊ. ताई पूर्ण शुद्धीवर आहे. मजकूर मी वाचला. पाटीलकीबद्दल लिहिलं आहे ते खरं आहे. मी सुरुवातीलाच उठून गेलो असं लिहिलं आहे ते खरं नाही. आजोबांचं वाक्य संपेपर्यंत मी दाराशी उभा होतो.
(सही)