वरच्या खळ्यावरचा वारा

प्रिय प्रतिभा,

दादाचं पत्र पाहून तुला वाटेल, याला नक्की कुठला तरी दाखला हवा असणार. नकोय. तीन वर्षं होत आली, तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. आता फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून कारकुनी हातालाच कामाला लावलं आहे.

आधी आपल्या पोशेऱ्याची बातमी. तुझी पवनचक्की पहिल्याच पावसाळ्याला पुरून उरली. आषाढात घाटात झाड पडून लाइन गेली, ती नऊ दिवस. सगळीकडे अंधार, आणि आपल्या पाड्यात शाळेत दिवे, टाकीत पाणी! सौरपॅनल ढगाखाली झोपलेलं, पाती मात्र गरगरत होती. तुझ्या गौरावहिनीला भर पावसात विहिरीचा निसरडा काठ उतरावा लागला नाही. ती येताजाता वर बघून हात जोडते. मी चिडवलं तर म्हणाली, चक्कीला नाही, नणंदेला जोडते.

ती ग्रामसभा मला रोज आठवते. ग्रामपंचायतीचा क्लार्क म्हणून पवनचक्कीची फाइल मीच रंगवली होती. अनुदान मार्चअखेर परत जाणार होतं. ठेकेदाराला खांब रस्त्याकडेला हवा होता, कारण क्रेन तिथवरच येत होती. आणि तपासणीला आलेली इंजिनीयर, म्हणजे माझीच बहीण, सही करेना! तू शांतपणे समजावलंस की सरकार पैसे देतंय ते खांब उभा करण्याचे, विजेचे नाहीत. पाती फिरोत न फिरोत, ठेकेदाराचं बिल निघणार आणि दुरुस्ती आपल्या गळ्यात पडणार. वारा निम्मा झाला तर वीज आठवा हिस्साच उरते, म्हणून आधी जागा बघा. मग तू आईला विचारलंस, वारा कुठे असतो? आई म्हणाली, “नागली उफणतो तिथं, वरच्या खळ्यावर. खालती सूप धरलं तं भूस पायाशीच पडतं.” लोक हसले. मीही हसलो. एवढंच नाही, उठून म्हणालो, गाव सोडून गेलेल्या लेकीने आमच्या खळ्यावर हक्क सांगू नये. अनुदान गेलं आणि तूही गेलीस.

तुझं वारा मोजायचं यंत्र मात्र वर्षभर खळ्यावर बांबूला राहिलं. आकडे घ्यायला तू यायचीस ती मी ऑफिसात असतानाच; मला ते चुलीजवळच्या दोन कपांवरून कळायचं. शेजारच्या पाड्याने त्याच मार्चात रस्त्याकडेला चक्की उभारली होती. तिच्यावर आता साळुंक्या निवांत बसतात. पुढे योजनेचा नियम बदलला: निम्मं अनुदान उभारणीला, निम्मं प्रत्यक्ष निघालेल्या युनिटांवर. वर्षाचे आकडे फक्त आपल्याकडे होते, त्यामुळे आपला अर्ज आधी मंजूर झाला आणि चक्की वरच्या खळ्याच्या कडेला उभी राहिली. युनिटांचा हप्ता परवा आला. ते पत्र आवक रजिस्टरात चढवताना मला तुझा इतका अभिमान वाटला की शिक्का उलटा मारला.

आता खरं कारण. नागली मळून आठ दिवस झाले. रास वरच्या खळ्यावर ताडपत्रीखाली तशीच आहे. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, पहिलं सूप लेकीने वाऱ्यावर धरायचं. गेली दोन वर्षं आईने ते शेजारच्या रंगूकडून धरवलं. यंदा रंगू आली, तर तिला चहा पाजून परत पाठवलं. मग मला म्हणाली, “सभेत बोललास तवा सगळ्यांच्या देखत बोललास. आता सगळ्यांच्या देखत लिव.” म्हणून लिहितो आहे: प्रतिभा, मी चुकलो. खळं तुझंही आहे. या पत्राची नक्कल ठेवली आहे, ती येत्या ग्रामसभेत मीच उभं राहून वाचणार. तुझं सूप आईने पुसून खुंटीला लावलं आहे. दुपारनंतर वारा चांगला सुटतो. ये.

तू येईपर्यंत रास राखणारा,
तुझाच,
धर्मेंद्रदादा