भोक पडलेले दोन रुपये

मी, श्रीमती आवडाबाई शिवदास नाक्ती, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दिघी, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, बिघाड छातीत आहे. येत्या मंगळवारी मुंबईला झडपेचे ऑपरेशन आहे आणि डॉक्टर फार गोड बोलतात, म्हणून मला भीती वाटते. हे कुणी दडपणाने लिहून घेतलेले नाही. उलट लिहू नकोस असेच माझे मन सांगते आहे.

१. दिघीचे राहते घर, मागच्या अकरा माडांसह, मुलगा कुलदीप आणि मुलगी रचना यांना निम्मे निम्मे. रचनाने ‘मला काही नको’ म्हणू नये. तिला हवे असते, आणि मग ती रुसते.

२. पोस्टातल्या पैशांतून आधी दवाखान्याचे भागवावे. उरेल ते दोघांनी सारखे घ्यावे.

३. शेजारच्या गोदूबाईंनी माझी विळी नेली त्याला सोळा वर्षे झाली. ती मागू नये. आता ती त्यांच्याच हाताला बसली असेल.

४. नाण्यांचा लाल डबा, भिंग, वजनाचा छोटा काटा आणि यजमानांची वही रचनाला. यजमान जेटीवरच्या खिडकीत फेरीबोटीची तिकिटे देत. गल्ल्यात वेगळे नाणे आले की पदरचे दुसरे टाकून ते काढून घेत आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून वहीत ठसा उमटवत. मी चौथी शिकलेली. ते गेल्यावर ती वही आणि वाचनालयातली पुस्तके वाचून मी शिकले. रचना, सालाखाली बघ. चौकटीसारखी खूण असली तर नाणे मुंबईचे, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसले तर कोलकात्याचे. कुठल्या सालचे कुठल्या टांकसाळीचे कमी निघाले, ते वहीच्या शेवटी लिहिले आहे. कडाही बघ. ठसा सरकला असेल किंवा दुहेरी उमटला असेल तर नाणे बाजूला ठेव. चिंच आणि राख लावून घासू नकोस. लक्ष्मीपूजनाला मी एकदा अकरा नाणी लख्ख केली, तेव्हा यजमान दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. घासलेल्या नाण्याची किंमत जाते. डब्यातल्या बहुतेक नाण्यांची किंमत त्यांच्यावर लिहिली आहे तेवढीच आहे. फोनवर लाखांच्या गोष्टी करणाऱ्याला आधी पैसे पाठवू नकोस.

५. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

हे एका नाण्याविषयी आहे, जे आता डब्यात नाही. नकाशाचे दोन रुपये, सन १९९८. नकाशा एका बाजूला सरकलेला, दुसऱ्या बाजूला नखाएवढी कोरी कोर, आणि साल मात्र पुरते वाचता येते. चहावाल्याने खोटे म्हणून फेकले, ते यजमानांनी चांगले नाणे देऊन घेतले. ‘हे माझं लाखाचं’ असे ते सगळ्यांना हसत सांगत. कुलदीपने ते खरे धरले. पुढे मुंबईच्या एका जाणकाराला मी वहीतला ठसा दाखवला. ते म्हणाले, फार तर आठ हजार.

यजमान गेले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. आमच्यात पिकले माणूस गेले की तिरडीपुढे लाह्या आणि सुटे पैसे उधळतात. माझे धाकटे दीर बाळाजी आत आले. म्हणाले, “वहिनी, सुटं कुठं हाय?”

मी म्हणाले, “फळीवरचा लाल डबा.”

“लालच ना?”

“लालच.”

सुटे पैसे निळ्या डब्यात होते. त्यांनी विचारले होते, आणि दोनदा विचारले होते. जेटीपासून स्मशानापर्यंत यजमानांची चाळीस वर्षे रस्त्यावर पडली आणि लोकांनी वेचली.

बाराव्याला पंगत बसली असताना कुलदीप म्हणाला, “काका, डबा कुणाला विचारून उचललात? आणि लाखाचं नाणं उधळलंत की खिशात घातलंत?”

बाळाजींनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात वरणाचे भांडे होते. मी पुढच्या पानावर वाढले. बाळाजी एवढेच म्हणाले, “खिसा बघ माझा,” आणि भरल्या पानावरून उठले. तेव्हापासून दोन्ही घरांचे येणेजाणे बंद आहे. गावात त्यांना ‘डबेवाले काका’ म्हणतात, तेही त्यांच्या देखत. डबा मी दिला हे या नऊ वर्षांत त्यांनी कुणाला सांगितले नाही. मीही नाही. अपराध माझा आहे. बाळाजींनी काहीही चोरलेले नाही.

उधळलेल्यांपैकी सतरा नाणी मला पुढे दुकानांतून आणि गिरणीवरून सुट्यात परत मिळाली, ती पुन्हा डब्यात ठेवली आहेत. नकाशाचे नाणे मात्र सहा वर्षांपूर्वी दिसले ते एका मुलीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. पिकल्या माणसाच्या तिरडीवरचे नाणे लेकराला बांधले की ते जगते, असे आमच्याकडे मानतात. तिच्या आईची दोन मुले आधी गेली होती. दुकानदार ते नाणे घेईना, म्हणून बाईने त्याला भोक पाडून घेतले. मी म्हटले, “बघू गं,” आणि पोर मांडीवर घेऊन कागदावर त्याचा ठसा उमटवला. आई हसून म्हणाली, “काकी, तुमचा तो खेळ अजून न्हाय सुटला?” तो कागद सोबत जोडला आहे. वहीच्या चौदाव्या पानावरच्या ठशाशेजारी ठेवावा. सरकलेला नकाशा तोच, कोर तीच, भोक तेवढे नवे.

भोक पडलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाहीत. तरी कुलदीप, तुझा स्वभाव मी ओळखते. वडिलांची वस्तू म्हणून तू मागायला जाशील, आणि ती बाई घाबरून सोडून देईल. म्हणून तिचे नाव मी लिहीत नाही आणि तू शोधू नकोस. उधळले ते दिले. जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने कुणाला देऊ शकत नाही. मी आधी बोलले नाही त्याला हे एक कारण होते. दुसरे कारण लाज, आणि ते मोठे होते.

कुलदीपने काकांच्या घरी जावे आणि पंगतीत बोलला तसे चार माणसांसमोर बोलावे. काय बोलायचे ते त्याला कळते.

६. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि साक्षीदाराला त्यात काही देऊ नये, असे मी वाचले आहे. म्हणून बाळाजींना मी काहीही ठेवलेले नाही. दुसरी सही त्यांचीच हवी. गावात सही करणारे पुष्कळ आहेत, पण मी कुणाला विचारलेले नाही. रविवारी या, असा निरोप वाचनालयातल्या सुचिताबरोबर धाडला आहे. ते आले नाहीत तर हा कागद कच्चा राहील हे मला ठाऊक आहे. आले तर पाचवे कलम त्यांनी माझ्यासमोर वाचावे. मला तोंडाने सांगता येणार नाही.

यात खाडाखोड नाही. दर पानावर माझी सही आहे.

आवडाबाई शिवदास नाक्ती
दिघी, दिनांक ६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: सुचिता हर्षद म्हसकर, ग्रंथपाल, दिघी. आवडाबाईंनी माझ्यासमोर सही केली. ६/११/२०२५.

साक्षीदार २: बाळाजी बुधाजी नाक्ती, दिघी. वहिनींनी ही सही आपलीच असे मला समक्ष सांगितले. सगळे वाचून सही केली. पाचव्या कलमातले ‘अपराध माझा’ खोडा म्हणून दोनदा सांगितले. खाडाखोड चालत नाही म्हणाल्या. मंगळवारी मुंबईला मी सोबत जात आहे. ९/११/२०२५.