भावोजींच्या मापाची पिशवी

तीर्थस्वरूप शंभूराव भावोजी यांच्या चरणी म्हैसूरच्या रंगरावाचा साष्टांग नमस्कार. पांडुरंगाच्या दयेने इकडे आम्ही सगळे जागे आहोत. आपणही जागे असाल अशी आशा करतो. मालतीअक्काची कंबर कशी आहे? हासनला थंडी पडली का? आपली तपकीर संपली असेल तर कळवा, नेहमीच्याच दुकानातून पाठवतो. हे पत्र अक्काच्या हाती देऊ नये आणि वाचून झाल्यावर उशाखाली ठेवू नये. (उशी आली की आडवं होणं आलं, आणि ते का नको, ते पुढे येतंच आहे.)

अक्का फोनवर म्हणाली की हल्ली आपण दुपारी जेवून आडवे झालात की संध्याकाळच्या कॉफीलाही उठत नाही, आणि उठलात की पाय जमिनीला लागत नाहीत म्हणता. डॉक्टरने शुगर तपासली, काही निघालं नाही. शुगरमध्ये काय निघणार, कप्पाळ! कारण इथे म्हैसुरात, मेटगळ्ळीच्या कारखान्यात भिंतीला टांगलेलं आहे. घरचा फोन अक्का उचलते, मोबाइलवर लिहायला मला येत नाही, आणि अक्काला हे कळलं तर ती माझी कातडी सोलून उशांचे अभ्रे शिवेल, म्हणून पत्र लिहितो आणि हासनच्या बसवाल्याच्या हाती देतो.

झालं असं. आमच्या चैत्राच्या कंपनीत आकाशात पुढे बांधायच्या घराची, म्हणजे अंतराळ स्थानकाची, एक खोली करून बघताहेत. चार देशांनी मिळून नवं स्थानक बांधायचं ठरवलंय. भिंती इटलीच्या, पंखे जपानचे, दिवे जर्मनीचे आणि झोपायच्या पिशव्या आपल्या. (तिथे गादी घालून उपयोग नाही, माणूस तरंगत जातो. म्हणून पिशवीत शिरायचं आणि भिंतीला बांधून घ्यायचं.) त्या पिशव्यांचं कापड मशीनखाली फाटायला लागलं, तेव्हा हाताने शिवणारा हवा म्हणून पोरीने बापाला पुढे केलं. बसच्या सीटांची कव्हरं शिवणारा मी, एकदम आकाशाचा शिंपी! छाती इतकी फुगली की माझाच शर्ट मला होईना.

तीन देशांनी आपापल्या माणसाचं माप पाठवलं. आपल्या देशाचा माणूस अजून निवडायचा आहे, म्हणून त्या जागी नुसती रेघ. कंपनीचे साहेब म्हणाले, "रंगरायरे, सुम्मने, उगीच आपलं एक साधारण माप धरा." आता भावोजी, आपल्या घरात बिननावाचं कापड कापत नाहीत, हे आपण जाणता. कात्री टेकवताना ज्याचं कापड त्याचं नाव ओठात घ्यायचं, नाहीतर कापड आपला धनी आपणच शोधतं, असं आजोबा सांगायचे. मी कात्री धरून उभा. कुणाचं नाव घेऊ? काम झोपेचं, आणि झोपेत आपल्याएवढा मोठा माणूस आपल्या गोतात नाही. (अंतरपाटामागे उभ्याउभ्या घोरणारा नवरदेव मी तरी दुसरा पाहिला नाही.) आपल्या लग्नाच्या कोटाचं माप मला अजून तोंडपाठ आहे. घेतलं आपलं नाव आणि चालवली कात्री.

पिशव्या त्या खोलीत टांगल्या. दुसऱ्या दिवशी जेवून आत गेलो, तर तीन पिशव्या वाळत घातलेल्या धोतरांसारख्या लोंबताहेत आणि चौथी भरलेली. तोंडाकडून आत डोकावलं तर रिकामी, नुसतं अस्तर. बाहेरून मात्र पायांचे अंगठे दिसताहेत, गुडघे दिसताहेत, आणि मग ते पोट. अय्यो, ते पोट! कोट दोनदा उसवून सैल केला होता मी, ते पोट मी ओळखणार नाही? हात लावला तर ऊबदार लागलं. तपकिरीचा वास आला. मग पिशवी सावकाश कुशीवर वळली आणि घोरायला लागली.

लगेच चार देशांची बैठक बसली. जपानी बाईंनी आवाज मोजला आणि तो पंख्याचा नाही असं वाकून सांगितलं. इटलीचा गृहस्थ म्हणाला, आमच्या भिंती घोरत नाहीत. जर्मन म्हणाला, दिवे तर बंदच होते. ज्याचा भाग त्याची जबाबदारी असं करारात आहे, पण घोरणं कुणाचा भाग ते लिहायचं राहून गेलंय. शेवटी घोरणं सर्व देशांचं समाईक समजावं असं ठरलं आणि सगळ्यांनी हात मिळवले. पिशवीकडे पाठ करून मात्र कुणी बसेना.

मी वरून हसलो, पण त्या दिवसापासून पिशवीच्या वेळा लिहून अक्काच्या फोनशी ताडून बघू लागलो. आपण आडवे झालात की ती भरते आणि उठलात की रिकामी होते, ती रोज थोडी उशिरा. परवा अक्का म्हणाली, "ह्यांच्यावर पांघरूण घातलं तर ते गादीला सपाट बसलं रे, खाली माणूस असल्यासारखं वाटेना." मी फोन ठेवला आणि खरं सांगतो भावोजी, रडलो. आपण माझ्या शिवणाला नावं ठेवता, चारचौघांत चिडवता, पण आईअप्पांच्या मागे आपणच माझं छत्र. ही पिशवी आता पेटीत बसून समुद्रापार जायची आहे, आणि तिथून पुढे वर. ती गेली तर आपण खाली कसे उठणार?

असो. अक्काला नमस्कार सांगावा. जास्त काय लिहू, जागे राहावे.

आपला,
रंगराव

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. ज्याचं नाव त्यानेच जागेपणी पहिला टाका कापला, तर कापड त्याला सोडतं. तेव्हा मिळेल त्या बसने या. पेटी उद्या निघते. वाटेत डोळा लागू देऊ नका.

आणखी एक ता. क. : ट्रक आजच येऊन उभा राहिला. आता आपली वाट बघण्यात अर्थ नाही. शिंप्याला एक मुभा असते, पहिला टाका उसवून दुसऱ्याच्या नावाने परत घालायचा. मी माझं नाव घेतलं. पोट भसकन बसलं की हो! सुटलात आपण. मला काही झालेलं नाही, फक्त जांभया येताहेत. कापडाच्या गठ्ठ्यावर जरा टेकतो. आपण येऊ नका, उगीच दगदग.

आतोबा, मी चैत्रा. माझं मराठी थोडंच आहे, माफ करा. अप्पांचं हे पत्र वाचलं. अप्पा गठ्ठ्यावर झोपलेत, हलवलं तरी उठत नाहीत. शाल घातली, ती सपाट बसली. पिशवी भरली आहे, बारीक, अप्पांसारखी, मशीनच्या तेलाचा वास येतो. ट्रकवाल्याला कॉफी देऊन थांबवलंय. अप्पा जागे नाहीत, मग टाका कोण कापणार? उसवायला मला येतं, पण कुणाचं तरी नाव घालायला पाहिजे. तुमचं परत घालू का? तुम्हाला सवय आहे. नंतर तुम्ही येऊन कापा. पत्राचा फोटो तुमच्या मोबाइलवर पाठवते.

हा दुसरा फोटो. टाका अजून उसवला नाही. पहिल्याला निळी खूण आली, उत्तर नाही आलं. आतोबा, जागे आहात ना?