व्हॉट सरांचं अर्धं वाक्य

९ फेब्रुवारी

बोलले! हे बोलले! आणि काय बोलले, तर इंग्रजी!

अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून नुसतं 'तं तं' यायचं. थेरपीवाली मुलगी रोज येते. तिची पद्धत अशी — वाक्य आपण अर्धं म्हणायचं, उरलेलं पेशंटनं पुरं करायचं. "मला हवंय…" म्हणून ती थांबायची. हे नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मला बघवायचं नाही.

आज तिनं सहज विचारलं, "काकू, काका काय करायचे?" म्हटलं, शाळेत इंग्रजी शिकवायचे. पोरं मागून 'व्हॉट सर' म्हणायची. व्हॉटनं सुरू होणाऱ्या वाक्यांचा ह्यांना भारी सोस. अख्ख्या वर्गाकडून घोकून घ्यायचे, कंटाळा म्हणून नाही.

ती म्हणाली, बघू या. "व्हॉट आय नीड…"

आणि हे, स्वच्छ, वर्गातल्या आवाजात — "इज वॉटर!"

मी पाणी आणायला धावले आणि ओट्याला टेकून रडतच बसले. पाणी शेवटी तिनंच दिलं.

१० फेब्रुवारी

मराठी अजून एक शब्द नाही. जन्मभर माझ्याशी मराठीत भांडलेला माणूस! थेरपीवाली म्हणते, होतं असं कधी कधी, घोकलेलं आधी परत येतं. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही काठावर पास. आता नवऱ्याशी बोलायला शिकवणी लावायची वेळ आली.

१३ फेब्रुवारी

लेक आली. येताना शुश्रूषागृहाचं माहितीपत्रक घेऊन आली. गुळगुळीत कागद, बागेतल्या खुर्च्या, हसऱ्या नर्सा.

"आई, तुला एकटीला झेपायचं नाही. रात्री उठून त्यांना कुशीवर वळवतेस, दिवसा मशीनवर पडदे शिवतेस. आरशात बघितलंयस का स्वतःला?"

म्हटलं, मी ठणठणीत आहे. आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांना कुणी कुठे हलवायचं नाही.

"विचारायचं कुणाला? ती नुसती पोपटपंची आहे गं. बाबांना काही कळत नाहीये."

फार लागलं. ह्यांच्यासमोर बोलली ते जास्त लागलं. शेवटी ठरलं, महिनाअखेरपर्यंत थांबायचं. मग बघू.

१६ फेब्रुवारी

आज काही नाही. ह्यांनी चमचा फेकला. मीही ओरडले. दोघं तोंडं फुगवून बसलो.

१८ फेब्रुवारी

आज जे झालं ते कसं लिहू!

मी उशीचे अभ्रे घालत होते. मागून आवाज — "व्हॉट आय नीड…" आपणहून! कुणी सुरुवात करून दिली नव्हती. मग "आर". आणि अडले. तोंड उघडं, पुढचा शब्द येईना. मी पाणी दाखवलं, शाल दाखवली, उशी दाखवली. नाही, नाही, नाही. पुन्हा "आर… आर!" आणि बोट पलंगाच्या दांडीवर आपटताहेत, वर्गात टेबलावर आपटायचे तसं.

आणि मला एकदम ह्यांचं जेवतानाचं व्याख्यान आठवलं. नको असताना मला समजवायचे. "अगं, व्हॉटवालं वाक्य महा लबाड. आरंभी पत्ताच लागू देत नाही, गोष्ट एक की अनेक. क्रियापदाला बिचाऱ्याला पुढे डोकावून बघावं लागतं. पुढे एक असेल तर इज, अनेक असतील तर आर. काही जण सगळीकडे इजच लावतात, चालतंही. पण मी नाही लावणार!" मी तेव्हा मनात पडद्याच्या चुण्या मोजत हो हो करायचे.

म्हणजे शब्द सापडत नाही, पण तो एक नाही, अनेक आहे, हे ह्यांना आधीच ठाऊक आहे! पाणी नाही, शाल नाही. मी मोजे आणले. चपला आणल्या. मग डोक्यात आलं, इंग्रजीत चष्मा एक असला तरी अनेक, ग्लासेस! आणून नाकावर चढवला.

हसले! आजारपणात पहिल्यांदा हसले.

पडद्यामागे कुणी लपलं की खालून पाय दिसतात ना, तसे मला आज हे दिसले. अख्खे आत उभे आहेत! आणि एवढंसं 'आर' मला ते सांगून गेलं. केवढं अजब आहे हे माणसाचं डोकं. देवासमोर उभं राहून वाटत नाही असं काहीतरी आज वाटलं.

२० फेब्रुवारी

थेरपीवाली रागावली. "काकू, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबायला शिका." आज थांबले. तोंडाला कुलूप घातल्यासारखी बसले. फार वेळानं "इज… विंडो" आलं. खिडकी उघडली. वारा आल्यावर डोळे मिटून पडून राहिले, एखाद्या राजासारखे.

२४ फेब्रुवारी

लेकीला बोलावून घेतलं. म्हटलं, ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. "व्हॉट आय मिस…" मी म्हटलं आणि थांबले. ती चुळबुळ करायला लागली. मी तिचा हात दाबून धरला.

"आर…" बराच वेळ. "चिल्ड्रन." आणि बोटानं खिडकीबाहेर, शाळेच्या दिशेला.

लेक हमसाहमशी रडली. "आहेत गं आई. सगळे आहेत आत." मग डोळे पुसून म्हणाली, "तू जिंकलीस. आता बाबा सांगतील तेच करायचं."

मी हवेत आहे! पहाटे ह्यांना वळवताना कमरेत चमक भरली, भिंत धरून उभी होते, पण तिला बोलले नाही. ह्यांनी मात्र पाहिलं.

२८ फेब्रुवारी

लेकीनं माहितीपत्रक पुढे धरून विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय?" मी निर्धास्त. चहा ओतत होते.

"व्हॉट आय वॉन्ट इज टू गो." एका दमात, माहितीपत्रकावर बोट ठेवून. कुठेही अडले नाहीत.

मग माझ्याकडे वळले. तोंड उघडलं. मी थांबले.

"तू… झोप."